मुंबईचे बाजार फिरायला निघालेल्या बेळगावकरांनो, या चुका टाळा

आपल्याकडं बाजार म्हणजे शनिवार. गणपत गल्लीत शिरायचं, खडेबाजारातून बाहेर पडायचं, भाजीपासून बांगड्यांपर्यंत सगळं एका चकरेत. हीच सवय घेऊन मुंबईत गेलात की फसलात. तिथं प्रत्येक बाजाराची वेळ निराळी, सुट्टीचा वारही निराळा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे शनिवारी रात्रीची बस धरून रविवारी फिरायचा बेत. रविवारी मंगळदास मार्केट, म्हणजे कापडाची अख्खी पेठ, बंद. शुक्रवारी चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटची दुकानं बंद. म्हणून शुक्रवारी रात्री निघा. शेवटी शनिवारच आला बघा!

आमची आत्या पहिल्यांदा आली तेव्हा बस पहाटेच दादरला पोचली. स्टेशनाबाहेर पश्चिमेला फुलबाजार ऐन भरात. पण आत्याचं एकच, "आधी आंघोळ, चहा, मग बघू." दहाला गेलो तर पायाखाली पाकळ्यांचा चिखल आणि टोपल्यांच्या तळाला मलूल झेंडू. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत गेलो. "पाव किलो मोगरा द्या की ओ मामा." मामांनी मान वर न करताच सांगितलं, "किलोच्या खाली नाही, ताई." आत्या माझ्याकडं वळली, "काय सांगुलाय बघ हा!" त्यांचं काय चुकलं? तो घाऊक बाजार. घरापुरती फुलं हवी असतील तर रस्त्याकडेला गजरे ओवत बसलेल्या बायकांकडं जा. आणि सकाळी घेतलेला मोगरा प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून बेळगावपर्यंत नेऊ नका. तो घामेजतो आणि काळा पडतो. गजरा न्यायचाच तर परतीच्या संध्याकाळी घ्या, ओल्या फडक्यात गुंडाळा.

दादरहून पुढं मंगळदासला जायचं तर फास्ट लोकलमध्ये चढू नका. ती मशीद स्टेशनला थांबत नाही, थेट सीएसएमटीला सोडते. तसं झालंच तर घाबरू नका, तिथून मंगळदासजवळचं क्रॉफर्ड मार्केट चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. ही मंडई 1869 सालची. आता तिचं नाव महात्मा जोतिबा फुले मंडई, पण टॅक्सीवाल्याला क्रॉफर्डच सांगा. लोक आंब्याच्या पेट्या बघत आत घुसतात आणि दारावरचं दगडी कोरीवकाम राहून जातं. शेतकरी कोरलेत तिथं. त्याचा आराखडा 'जंगल बुक'वाल्या रुडयार्ड किपलिंगच्या वडिलांचा, लॉकवुड किपलिंग यांचा.

मंगळदासमध्ये मीटरचा भाव ऐकून लगेच हुरळू नका, आधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा. 36 इंची पन्ह्याचं कापड मीटरला स्वस्त दिसतं, पण ड्रेसला ते 44 इंची कापडापेक्षा जास्त मीटर लागतं, मग हिशेब तिथल्या तिथंच. शहापूर-वडगावच्या मागांशेजारी वाढलेल्या माणसानं तरी हे विसरू नये.

चोर बाजारातलं "जुनं पितळ" पारखायला खिशात छोटं लोहचुंबक ठेवा. चिकटलं तर आत लोखंड, वर नुसता मुलामा. न चिकटलं तरी ते जुनंच असेल असं नाही, नव्या पितळेलाही काळपटपणा आणता येतो. भोंग्याचे ग्रामोफोन तर बरेचसे नवे जुळवलेले असतात. शोभेला घ्यायचा असेल तर शोभेचाच भाव द्या.

आणि लालबागची मसाला गल्ली. डंकावर मिरची कुटताना बघायला जरूर जा, नाकाला रुमाल लावून. पण आमच्या शेजारच्या काकूंनी तिथून दोन किलो संकेश्वरी मिरची विकत आणली. येताना बस संकेश्वरवरूनच आली. काकू झोपल्या होत्या.