घरच्या चित्रफिती डिस्कवर कशा जपाव्यात

वडिलांच्या साठीशांतीचे चित्रीकरण एका स्टुडिओने आम्हाला डीव्हीडीवर दोन प्रतींत उतरवून दिले होते. दोन्ही डिस्कवर गणपतीचे चकचकीत स्टिकर होते आणि दादरच्या घरात माळ्यावर, स्लॅबला लागून ठेवलेल्या पेटीत त्या बारा वर्षे पडून होत्या. पुढे त्या लावून पाहिल्या तेव्हा होम, पूजा, पंगत सर्व व्यवस्थित दिसले. पण शेवटी वडिलांनी उभे राहून केलेले चार मिनिटांचे भाषण दोन्ही डिस्कवर अडकत होते. डिस्क आतून बाहेरच्या दिशेने लिहिली जाते, त्यामुळे कार्यक्रमाचा शेवट बाहेरच्या कडेजवळ येतो, आणि खराबीची सुरुवातही बहुतेक वेळा त्या कडेपासूनच होते. ते भाषण आम्हाला परत मिळाले नाही. प्रती दोन असूनही बारा वर्षांत त्यांतली एकही कोणी वाचून पाहिली नव्हती. म्हणून पुढील पद्धतीत डिस्क लिहिण्यापेक्षा ती तपासण्यावर अधिक भर दिला आहे.

पहिले काम म्हणजे मूळ चित्रीकरण हाती घेणे. मिनी-डीव्ही कॅसेट असल्यास ती फायरवायर केबलने संगणकात उतरवावी, कारण त्या मार्गाने कॅसेटवरील अंकीय माहिती जशीच्या तशी येते. ६० मिनिटांच्या कॅसेटची फाइल सुमारे १३ जीबीची होते. हॅंडीकॅममध्ये चालणाऱ्या ८ सेंटिमीटरच्या छोट्या डिस्क असतील तर त्या ज्या कॅमेऱ्यात भरल्या त्याच कॅमेऱ्यात ‘फायनलाइज’ करून, म्हणजे इतर यंत्रांत वाचता येतील अशा बंद करून घ्याव्यात. तो कॅमेरा एकदा बंद पडला की हे काम फार अवघड होते. मेमरी कार्डाच्या कॅमेऱ्यातून सुट्या फाइली न उचलता संपूर्ण फोल्डर उतरवावा, कारण लांबलचक चित्रीकरण अनेक तुकड्यांत साठवलेले असते आणि त्या तुकड्यांचा क्रम इतर लहान फाइलींत नोंदलेला असतो. मोबाइलवरील चित्रफीत ज्याने काढली त्याच्याच मोबाइलमधून घ्यावी. व्हॉट्सॅपवरून आलेली प्रत आकसलेली असते. व्हीएचएस कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी दिसली, आणि मुंबईच्या दमट हवेत ती सर्रास दिसते, तर ती कॅसेट घरच्या व्हीसीआरमध्ये घालू नये. बुरशी यंत्राच्या हेडला लागून पुढच्या चांगल्या कॅसेटवरही पोहोचते.

उतरवलेली फाइल लहान करण्याचा मोह टाळावा. पाहण्यासाठी हवी तर वेगळी छोटी प्रत करावी, पण जपायची ती मूळ फाइल.

डिस्कची निवड करताना मापाचा विचार आधी करावा. साध्या डीव्हीडीवर ४.७ जीबी मावतात, जे विंडोज ४.३८ असे दाखवते. म्हणजे वरची १३ जीबीची फाइल तिच्यावर तुकडे केल्याशिवाय बसणार नाही. ब्लू-रेची एकथरी डिस्क २५ जीबीची आणि दुथरी ५० जीबीची असते. त्या हिशेबाने २५ जीबीच्या डिस्कवर एकच कॅसेट बसते आणि ५० जीबीच्या डिस्कवर तीन. पुनःपुन्हा लिहिता येणारी डिस्क या कामासाठी घेऊ नये; एकदा लिहिल्यावर बदलता येत नाही, चुकून पुसता येत नाही आणि संगणकातल्या व्हायरसलाही खोडता येत नाही, हाच तर डिस्कचा हार्ड डिस्कहून मोठा गुण आहे. डीव्हीडी-आरचा, म्हणजे एकदाच लिहिता येणाऱ्या डीव्हीडीचा, माहितीचा थर सेंद्रिय रंगद्रव्याचा असतो आणि तो ऊन, उष्णता व दमटपणा यांनी बिघडत जातो. साध्या बीडी-आरमध्ये, म्हणजे एकदाच लिहिता येणाऱ्या ब्लू-रेमध्ये, हा थर बहुधा असेंद्रिय असतो, म्हणून मी तिलाच पसंती देतो. मात्र वेष्टनावर ‘एलटीएच’ अशी अक्षरे असतील तर ती डिस्कही सेंद्रिय रंगद्रव्याची समजावी व परत ठेवावी. दीर्घकाळ टिकण्यासाठी खास बनवलेली एम-डिस्क महाग पडते, परंतु ज्याची दुसरी प्रत जगात कुठेच नाही अशा चित्रीकरणासाठी तो खर्च करावा.

ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, डिस्क आणि बाहेरून जोडायचा ब्लू-रे रायटर यांची चौकशी करता येते. सुट्या, पाकीट नसलेल्या डिस्क घेऊ नयेत. सोनीने लिहिण्यायोग्य ब्लू-रे डिस्कचे उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवले आहे. इतर उत्पादकांच्या डिस्क मिळतात, पण रायटर घ्यायचा असेल तर तो आताच घ्यावा, आणि शक्य असल्यास वेगवेगळ्या बनावटीचे दोन घ्यावेत. दुसऱ्याचा उपयोग पुढे येईलच.

प्रत्येक डिस्कसाठी संगणकावर एक फोल्डर करावा आणि फाइलींची नावे वर्ष, महिना, दिवस या क्रमाने सुरू करावीत, म्हणजे त्या आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. सोबत मराठीत लिहिलेली एक साधी मजकूर-फाइल ठेवावी. मुंज कोणाची, कुठल्या कार्यालयात, नऊवारीतल्या आजी कोण, गॅलरीत उभे असलेले शेजारी कोण, हे सांगणारी माणसे घरात आहेत तोवरच त्यांना चित्रफीत दाखवून ते लिहून घ्यावे. या फाइलीला एक संध्याकाळ लागते आणि तिच्याइतके मोलाचे त्या डिस्कवर दुसरे काही नसते, असे मला वाटते.

यानंतर प्रत्येक फाइलचा ‘चेकसम’ काढावा. चेकसम म्हणजे फाइलचा अंकरूप ठसा. फाइलमध्ये एक बिट जरी बदलला तरी तो वेगळा येतो. सेव्हन-झिप हा मोफत प्रोग्राम बसवला की फाइलवर उजवी क्लिक करून एसएचए-२५६ हा ठसा मिळतो. तो त्याच फोल्डरमध्ये आणि शिवाय संगणकावर वेगळा जपावा. मल्टीपार या प्रोग्रामने दहा टक्के आकाराच्या दुरुस्ती-फाइलीही तयार करून ठेवाव्यात, म्हणजे पुढे डिस्कचा थोडा भाग वाचला गेला नाही तरी मूळ फाइल पुन्हा उभी करता येते. हे सर्व धरून २५ जीबीच्या डिस्कवर २१ किंवा २२ जीबीच भरावेत आणि बाहेरची कड रिकामी सोडावी.

लिहिण्यासाठी विंडोजवर इमजबर्न आणि लिनक्सवर के-थ्री-बी वापरता येते. फाइल-पद्धत यूडीएफ निवडावी, वेग चौपट (4x) ठेवावा, लिहून झाल्यावर डिस्क बंद करण्याचा आणि पडताळणीचा असे दोन्ही पर्याय चालू करावेत. चौपट वेगाने २५ जीबीची पूर्ण डिस्क साधारण पंचवीस मिनिटांत लिहून होते. तेवढ्या वेळात संगणकावर दुसरे काम करू नये आणि रायटरची केबल यूएसबी हबला न जोडता थेट संगणकाला जोडावी.

रायटरने स्वतः केलेली पडताळणी पुरेशी नाही, कारण ज्या यंत्राने लिहिले त्याला स्वतःचे लिखाण सहसा वाचता येतेच. डिस्क दुसऱ्या रायटरमध्ये घालून तिच्यावरील सगळ्या फाइली हार्ड डिस्कवर परत उतरवाव्यात आणि त्यांचे ठसे आधीच्या ठशांशी ताडून पाहावेत. उतरवताना कानही द्यावा: डिस्क मध्येच थांबून पुन्हा फिरू लागली, वेग एकाएकी पडला, तर ठसे जुळले तरी ती डिस्क दुबळी समजून पुन्हा लिहावी. हे झाल्यावरच मूळ कॅसेट किंवा कार्ड बाजूला ठेवावे.

डिस्कवर कागदी स्टिकर मुळीच लावू नये. त्याचा डिंक आकसतो आणि डिस्क वाकते. नाव लिहायचे ते मधल्या पारदर्शक कड्यावर, डिस्कसाठीच्या मऊ टोकाच्या पेनने. ब्लू-रेचा माहितीचा थर वाचण्याच्या बाजूपासून अवघ्या ०.१ मिलिमीटरवर असतो, त्यामुळे ती बाजू बोटांनी धरू नये, आणि पुसावी लागलीच तर मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ रेषेत पुसावी, गोल फिरवून नव्हे.

डिस्क घट्ट प्लास्टिकच्या डबीत, उभ्या ठेवाव्यात. त्या डब्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवून तो डबा आतल्या खोलीच्या कपाटात मधल्या कप्प्यात ठेवावा. माळा उन्हाळ्यात तापतो आणि तळमजल्याचा खालचा कप्पा पाण्यात जातो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा कितीतरी घरांतील लग्नांच्या कॅसेट भिजल्या. म्हणूनच दुसरा संच मुंबईबाहेर, पुण्याला बहिणीकडे किंवा गावी काकांकडे असावा आणि तिसरी प्रत हार्ड डिस्कवर असावी.

दसऱ्यानंतर हवा कोरडी होऊ लागली की दरवर्षी डबा उघडावा, जेलच्या पुड्या बदलाव्यात आणि प्रत्येक डिस्क संपूर्ण उतरवून ठसे ताडावेत. तपासणीची तारीख आणि उतरवण्यास लागलेला वेळ वहीत लिहावा. जिचा वेळ गेल्या वर्षापेक्षा ठळकपणे वाढला असेल, तिची नवी प्रत त्याच आठवड्यात लिहावी आणि पुण्याच्या संचातील जोडीदार डिस्क पुढच्या फेरीत मागवून तीही तपासावी.