सर्व्हिसला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल दिसत नाहीये? असं द्या

लिनक्सवर टर्मिनलमधून प्रोग्राम चालवला की मस्त चालतो, आणि तोच सर्व्हिस म्हणून (म्हणजे मागे आपोआप चालणारा) लावला की एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधला, म्हणजे बाहेरून नाव-व्हॅल्यू अशी दिलेल्या सेटिंगमधला, डेटाबेसचा पासवर्ड सापडत नाही म्हणून बोंबलतो. मी अशी एक अख्खी संध्याकाळ डॉट-बॅशआरसी मध्ये एक्स्पोर्टच्या ओळी टाकण्यात घालवलीये, उपयोग शून्य, कारण ती फाईल वाचतो बॅश, म्हणजे टर्मिनलमधल्या कमांड चालवणारा शेल, आणि सर्व्हिस सुरू करतो सिस्टमडी, म्हणजे लिनक्सवर सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्राम; तुमचं लॉगिन, तुमचा शेल मध्ये कुठे येतच नाही.

मग करायचं काय, तर आधी एक साधी टेक्स्ट फाईल बनवा. डेबियन, उबुंटूवर अशा फाईली ईटीसी मधल्या डीफॉल्ट फोल्डरमध्ये ठेवतात, रेडहॅटवाल्यांकडे सिसकॉन्फिगमध्ये. एका ओळीत एक व्हेरिएबल: आधी नाव, मग बरोबरचं चिन्ह, मग व्हॅल्यू, मध्ये स्पेस नको. पुढे एक्स्पोर्ट लिहू नका! ही शेल स्क्रिप्ट नाहीये, त्यामुळे डॉलर-होम वगैरे लिहिलंत तर ते जसंच्या तसं जाईल, पूर्ण पाथच लिहा.

पासवर्ड असेल तर फाईलचा मालक रूट (म्हणजे अ‍ॅडमिन युजर) आणि परमिशन ६०० करा, म्हणजे फक्त मालकच ती वाचू-लिहू शकेल. सर्व्हिस दुसऱ्या युजरने चालत असली तरी काळजी नको, फाईल सिस्टमडी स्वतः वाचतो.

आता सुडो लावून 'सिस्टमसीटीएल एडिट' आणि पुढे सर्व्हिसचं नाव. एडिटर उघडेल, त्यात चौकोनी कंसात सर्व्हिस आणि खालच्या ओळीत 'एन्व्हायर्नमेंटफाईल=' लिहून फाईलचा पूर्ण पाथ द्या. पाथच्या आधी वजाचं चिन्ह टाकलं तर फाईल नसतानाही सर्व्हिस सुरू होते, पण पासवर्डच्या फाईलला मी ते कधीच टाकत नाही, नसेल तर तिथेच अडलेलं बरं.

एकदोनच साध्या व्हॅल्यू असतील तर फाईलशिवाय नुसतं 'एन्व्हायर्नमेंट=' पण चालतं, फक्त व्हॅल्यूत स्पेस असेल तर नावासकट सगळं अवतरणचिन्हात घाला आणि टक्क्याचं चिन्ह दोनदा लिहा. पासवर्ड मात्र इथे नको, 'सिस्टमसीटीएल शो' मारून मशीनवरचा कुठलाही युजर तो वाचू शकतो.

सेव्ह केलं की रीस्टार्ट. युनिट फाईल (सर्व्हिस कशी चालवायची ते लिहिलेली सिस्टमडीची फाईल) हाताने बदलली असेल तर आधी 'सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड', पण नुसती व्हेरिएबलची फाईल बदलली असेल तर रीस्टार्ट पुरतो.

चेक करताना एक गंमत, 'सिस्टमसीटीएल शो' मध्ये फाईलमधल्या व्हॅल्यू दिसतच नाहीत आणि माणूस उगाच घाबरतो. चालू प्रोसेसचा पीआयडी, म्हणजे तिचा नंबर, घ्या आणि प्रॉक फोल्डरमध्ये त्या नंबरखाली एन्व्हायरन नावाची फाईल आहे ती रूट म्हणून वाचा, प्रोसेसला सुरू होताना जे मिळालं ते सगळं तिथे असतं.