रजिस्टरचा शेवटचा रकाना

कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, सेफ्टी ऑफिसर म्हणून लागलो, तेव्हा हातात डिप्लोमा होता आणि आयएसओ ४५००१ या कामाच्या जागच्या सुरक्षेच्या मानकाची कलमं तोंडपाठ होती. तरी पहिल्याच ऑडिटला मेजर एनसी (नॉन-कन्फॉर्मिटी, म्हणजे मानकाप्रमाणे नसलेली मोठी त्रुटी) लागली, तीही माझ्याच रजिस्टरवर, म्हणजे धोके आणि त्यांवरचे उपाय लिहायच्या वहीवर. आजही आठवलं की पोटात गोळा येतो.

मी अडकलो ते कलम ८.१.२ मध्ये. ते सांगतं: धोका मुळातच काढून टाका. जमत नसेल तर कमी घातक वस्तू किंवा पद्धत आणा. मग इंजिनिअरिंगचे उपाय. मग कामाची शिस्त, प्रशिक्षण. आणि सगळ्यात शेवटी पीपीई, म्हणजे अंगावर घालायची संरक्षक साधनं. ही उतरंड आहे. वरची पायरी तपासल्याशिवाय खाली उतरायचं नाही. मी जुन्या फाईलवरून रजिस्टर उतरवलं आणि ओळीमागून ओळ शेवटच्या रकान्यात हेल्मेट, हातमोजे, मास्क लिहीत गेलो.

ऑडिटर थेट फेटलिंगला, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करतात तिथं, गेले. तिथल्या कामगाराचा मास्क गळ्यात लोंबत होता. तो म्हणाला, "सायेब, मास्क लावला की चष्म्यावर वाफ धरतीया, कास्टिंग दिसत न्हाई." ऑडिटरनी मला विचारलं, धूळ उडते तिथंच ओढून घ्यायचा विचार केला होता का? मी गप्प. वाळूतल्या सिलिकाची बारीक धूळ डोळ्यांना दिसत नाही, पण फुप्फुसात बसते, आणि सिलिकोसिस बरा होत नाही.

ओल्या भंगाराचंही तसंच. ते वितळलेल्या लोखंडात गेलं की पाण्याची क्षणात वाफ होते आणि रस उसळून बाहेर उडतो. तिथं नुसती फेस शील्ड लिहून भागत नाही. आपल्याकडच्या पावसात भंगारावर आधी पक्कं छप्पर हवं.

या कामात नवीन असाल, तर तयार रजिस्टर विकणाऱ्या कन्सल्टंटच्या नादी लागू नका. लीड ऑडिटरचा पाच दिवसांचा कोर्सही नंतर करा. आधी सहा महिने शॉपवर काढा. खरा गुरू भट्टीवरचा जुना मिस्त्री. एनसी लागली तर खचू नका, ती दुरुस्त होते. माझी नोकरीही टिकली.

कलम ५.४ कामगारांशी सल्लामसलत करायला सांगतं. पुढं धूळ ओढणारा हूड बसवायची वेळ आली, तेव्हा मास्कवाल्या त्याच कामगाराला बोलावलं. ड्रॉइंगमधली जागा पाहून तो म्हणाला, दीड फूट अलीकडं घ्या. तिथंच बसवला.