आर्क्टिकमध्ये संशोधन जहाज नेताय? या चुका टाळा

सगळ्यात महागडी चूक जहाज बंदरात असतानाच होते, ती म्हणजे वेळापत्रक काठोकाठ भरणं. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या लाँगइयरब्येनहून निघायचं, ग्रीनलंड आणि स्वालबार्डच्या मधल्या फ्राम सामुद्रधुनीतली स्टेशनं, म्हणजे थांबून मोजमाप करायच्या जागा, उरकायची आणि मग आर्क्टिक महासागरातल्या नान्सेन या खोल खोऱ्याकडे वळायचं, हे कागदावर छान बसतं. पण मोकळ्या पाण्यात दहा-बारा नॉटनं (ताशी सागरी मैल) धावणारं जहाज दाट बर्फात तीन-चार नॉटवर येतं, कधी जागीच अडकतं. त्यात एकेका स्टेशनला लागणारा वेळही हमखास कमी धरला जातो. ४००० मीटर खोल पाण्यात सीटीडी, म्हणजे पाण्याची क्षारता, तापमान आणि खोली मोजणारं, नमुन्यांच्या बाटल्या लावलेलं उपकरण, सेकंदाला एक मीटर या वेगानं सोडला, तर नुसतं तळाला जायलाच ६७ मिनिटं लागतात. वर येताना प्रत्येक बाटलीत पाणी भरायला थांबावं लागतं. तीन तास गेलेच म्हणून समजा. तेव्हा स्टेशनांना आधीच क्रम लावा आणि कुठली गाळायची यावरची भांडणं किनाऱ्यावर उरकून घ्या. पहाटे तीनला, लख्ख उन्हात, ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षात, कप्तानासमोर तो तमाशा नको.

परवानग्यांचंही तसंच. दुसऱ्या देशाच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात, म्हणजे किनाऱ्यापलीकडच्या त्याच्या हक्काच्या समुद्रात, मोजमाप करायचं असेल, तर सागरी कायद्याच्या करारानुसार तपशील किमान सहा महिने आधी द्यावा लागतो. बर्फानं वाट अडवली म्हणून ऐनवेळी शेजारच्या हद्दीत घुसून नमुने घेता येत नाहीत. अर्ज करतानाच पर्यायी भाग धरून मोठं क्षेत्र मागा.

आता डेकवरची गोष्ट. उणे पंधरा अंश सेल्सिअस तापमानात सीटीडी उघड्यावर ठेवला, की क्षारता मोजणाऱ्या काचेच्या नळीत राहिलेलं पाणी गोठतं आणि नळी तडकते. दोन फेऱ्यांच्या मध्ये तो गरम हँगरमध्येच हवा. पाण्यात सोडल्यावर लगेच खाली पळवू नका. दहाएक मीटरवर थांबवा, पंप सुरू होऊ द्या, दोन्ही सेन्सरचे आकडे जुळतात का बघा. जुळत नसतील, तर घाबरून वर ओढायचा मोह होतो. तिथेच चुकतं. समुद्राचं पाणी उणे १.८ च्या खाली सहसा जात नाही, वरची हवा मात्र त्याहून कितीतरी थंड असते. पाण्यातच थोडा वेळ ठेवला तर अडकलेला बर्फ बहुतेकदा सुटतो.

बाटल्यांतलं पाणी वाटताना रांग मोडू देऊ नका: आधी विरघळलेले वायू आणि ऑक्सिजन, मग कार्बनचे नमुने, नंतर पोषकद्रव्यं, शेवटी क्षारता. क्षारतावाला घाईत आहे म्हणून त्याला पुढे सोडलंत, तर बाटलीत हवा शिरते आणि ऑक्सिजनचा नमुना वाया जातो.

मूरिंग, म्हणजे समुद्रतळाशी नांगरून तरंग्यांनी उभी धरलेली उपकरणांची दोरी, काढताना मात्र खरी कसोटी. गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राचा सहभाग असलेलं इंडआर्क हे मूरिंग जुलै २०१४मध्ये स्वालबार्डच्या कोंग्सफ्योर्डमध्ये १९२ मीटर खोलीवर बसवलं गेलं. तो फ्योर्ड (डोंगरांमधली अरुंद खाडी) उन्हाळ्यात बराचसा मोकळा असतो. वाहत्या बर्फाखाली मूरिंग असेल, तर हिशेब वेगळा. आधी ध्वनिसंकेतानं अंतर विचारून नेमकी जागा पक्की करा, जहाजानं बर्फ फोडून मोकळं पाणी तयार करा, ते पाणी वाहत मूरिंगच्या डोक्यावर येईपर्यंत थांबा. मूरिंग नांगरापासून सोडण्याचा संकेत एकदा गेला की परत घेता येत नाही. तरंगे बर्फाखाली जाऊन बसले, की वर्षभराचा डेटा तिथेच लपून बसतो आणि तुम्ही दुर्बिणी घेऊन डेकवर उभे.

इंटरनेटच्या भरवशावर राहू नका. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर असतात, त्यामुळे ८० अंशांच्या पलीकडे ते क्षितिजाला टेकतात. बर्फाची मोठी उपग्रह चित्रं जहाजावर उतरवत बसण्यापेक्षा किनाऱ्यावर एक माणूस नेमा, त्यानं हवा तेवढाच तुकडा कापून इरिडियम या ध्रुवांवरून फिरणाऱ्या उपग्रहांच्या सेवेवरून जाईल इतका लहान करून पाठवावा.

बर्फावर उतरणार असाल तर अस्वलांवर नजर ठेवणाऱ्याच्या हातात दुसरं कुठलंही काम देऊ नका. ड्रिल धरायला माणूस कमी पडला तर भोकं कमी पाडा.