खडकाळ वाटेसाठी स्वे बार कसा सोडावा आणि परत कसा जोडावा

स्वे बार म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा वाकवलेला पोलादी दांडा. वळणावर गाडी फार कलू नये हे त्याचं काम. पण एक चाक दगडावर चढलं की हाच बार दुसऱ्या चाकालाही वर ओढतो. मग ते चाक अधांतरी गरागरा फिरतं आणि गाडी जागची हलत नाही.

बार सोडण्याचा खरा फायदा पुढेही अखंड एक्सेल (दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध आस) असलेल्या गाड्यांना होतो, उदाहरणार्थ जीप रँग्लर किंवा जिम्नी. थारला पुढे डबल विशबोन आहे, म्हणजे प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वरखाली होतं. तिथे चाकाची वरखाली हालचाल मुळातच बेताची. थारवाल्यांनी पान्याला हात लावण्याआधी टायरची हवा कमी करून बघावी. हवा खरं तर सगळ्यांनीच आधी उतरवायची: १८ ते २० पीएसआय. बीडलॉक रिम (टायरची कड जखडून ठेवणारी) नसेल तर १५च्या खाली जाऊ नका, टायर रिमवरून निसटतो.

रँग्लर रुबिकॉनला बार सोडणारं बटण आहे. ४एच किंवा ४एलमध्ये (फोर-व्हील ड्राइव्हचा हाय किंवा लो गिअर), ताशी २९ किमीच्या आत ते चालतं. दिवा लुकलुकत राहिला तर बहुधा बारवर ताण आहे. सपाट जागी येऊन गाडी थोडी पुढेमागे घ्या.

बाकीच्यांनी सपाट जमिनीवर गाडी लावून हँडब्रेक ओढावा आणि चाकांना दगड लावावेत. जमीन तिरकी असली की लिंकवर (बारचं टोक एक्सेलला जोडणाऱ्या छोट्या दांड्यावर) ताण येतो आणि बोल्ट अडकतो. दोन्ही बाजूंच्या लिंकचे एक्सेलकडचे नट-बोल्ट काढा. बॉल जॉइंटवाल्या लिंकचा खिळा नटाबरोबरच फिरू लागला तर तो ॲलन किंवा टॉर्क्स चावीने धरून ठेवा. एकच बाजू सोडून चालत नाही, मोकळं टोक हेलकावत ब्रेक होजवर (ब्रेक ऑइलच्या लवचीक नळीवर) आदळतं. सुटलेल्या लिंक वर घेऊन चॅसिसला पट्ट्याने घट्ट बांधा आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून टायर कुठे घासत नाही ना, ते बघा.

पहिल्या मोठ्या दगडावर हळू चढून थांबा आणि खाली वाकून पाहा. ब्रेक होज ताणला असेल किंवा स्प्रिंग बैठकीतून सुटत असेल, तर तिथूनच मागे फिरा. लिफ्ट किट (गाडी उंच करणारे सुटे भाग) बसवलेल्या गाड्यांत हे बऱ्याचदा होतं.

शॉकअपला कडकपणा बदलायचे क्लिक असतील तर एका वेळी दोनच क्लिक बदला आणि लिहून ठेवा. उंचवट्यानंतर गाडी डोलत राहिली तर रिबाउंड (स्प्रिंग परत उघडताना शॉकअपने केलेला अडसर) वाढवा. लागोपाठच्या खड्ड्यांत ती खाली खाली बसत गेली तर रिबाउंड कमी करा. स्प्रिंगला परत उघडायला वेळच मिळत नसतो.

आडव्या उतारावर आणि घाटात बार जोडलेलाच हवा, सुटा असला की गाडी जास्त कलते. म्हणून डांबर लागण्याआधीच जोडून घ्या. भोक जुळत नसेल तर एकाने बंपर दाबत गाडी हलवावी, दुसऱ्याने बोल्ट सारावा. आतून नायलॉनची कडी असलेले नट नवे वापरा, मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा आणि ५० किमीनंतर पुन्हा तपासा.