चार जणांच्या टीमला सोर्स कंट्रोल कशाला?

पदवी हातात आल्यावर अनेकांची पहिली नोकरी चार-पाच जणांच्या लहानशा कचेरीत सुरू होते, आणि माझीही तशीच झाली. आम्ही पतसंस्थांसाठी हिशेबाचे सॉफ्टवेअर करत असू आणि सगळा कोड एका सामायिक फोल्डरमध्ये ठेवलेला असे. त्यात ‘फायनल’, ‘फायनल_नवीन’ आणि ‘फायनल_नवीन_हात_लावू_नये’ अशा प्रती शेजारीशेजारी नांदत. सोर्स कंट्रोलचा, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेचा, विषय निघाला की एकच उत्तर मिळे: आपण एकाच खोलीत बसतो, काही अडले तर हाक मारून विचारता येते, मग हा खटाटोप कशाला?

हे उत्तर वरवर पटण्याजोगे आहे, पण हाकेला ओ देणारा माणूस नोकरी सोडून गेला की ते निकालात निघते. मोठ्या कंपनीत एखादा भाग निदान दहा जणांनी वाचलेला असतो. लहान टीममध्ये तो एकाच्याच डोक्यात असतो. त्यामुळे सोर्स कंट्रोलची गरज लहान टीमला अधिक आहे, असे माझे मत आहे.

एक उदाहरण पाहू. मुदत ठेवीच्या व्याजाच्या हिशेबात, केवळ एका संस्थेसाठी, दिवसांच्या संख्येत एक मिळवणारी ओळ होती. नव्याने वाचणाऱ्याला ती हमखास चूक वाटावी अशीच होती. सामायिक फोल्डरच्या काळात ती कोणीतरी काढून टाकली असती आणि व्याजात फरक पडल्याची तक्रार महिनाअखेरीस आली असती. कोड गिट या सोर्स कंट्रोलच्या साधनात आल्यानंतर ‘ब्लेम’ ही आज्ञा दिली की ती ओळ कोणी, कधी आणि कोणत्या कमिटमध्ये, म्हणजे संदेशासह नोंदवलेल्या बदलात, लिहिली ते दिसू लागले. कमिटचा संदेश असा होता: ‘ठेव ठेवल्याचा दिवसही व्याजासाठी धरणे, संचालक मंडळाच्या ठरावाप्रमाणे’. हाच संदेश ‘बग फिक्स’ इतकाच असता, तर इतिहास असूनही त्याचा उपयोग शून्य झाला असता. म्हणून नवोदितांनी संदेशात काय बदलले यापेक्षा का बदलले हे लिहिण्याची सवय लावून घ्यावी. तो मराठीत लिहायलाही हरकत नाही. गिटला देवनागरी चालते, फक्त विंडोजच्या जुन्या टर्मिनलमध्ये ती कधीकधी मोडकी दिसते.

दुसरा प्रश्न दोघांनी एकच फाइल उघडण्याचा. सामायिक फोल्डरमध्ये जो शेवटी सेव्ह करतो त्याचे काम उरते, आणि आधीच्याचे काम कोणतीही सूचना न देता नाहीसे होते. गिटमध्ये दोघांनी वेगवेगळ्या जागी बदल केले असतील तर ते सहसा आपोआप एकत्र होतात. एकाच ओळीला दोघांचा हात लागला असेल तर मर्ज, म्हणजे बदल एकत्र करण्याची क्रिया, थांबतो आणि दोन्ही मजकूर समोर मांडले जातात. नवख्यांना या कॉन्फ्लिक्टची भीती वाटते. खरे तर तिथे यंत्र आपले काम बुडू न देता निर्णय आपल्यावर सोपवत असते.

ग्राहकांकडे वेगवेगळ्या आवृत्त्या चालू असणे हे लहान कंपन्यांचे नेहमीचे दुखणे आहे. दिलेल्या प्रत्येक आवृत्तीला टॅग, म्हणजे नावाची खूण, लावला असेल, तर सहा महिन्यांपूर्वीच्या आवृत्तीतली तक्रार नेमक्या त्याच कोडवर तपासता येते. चूक कधी शिरली हे ठाऊक नसेल, तर ‘बायसेक्ट’ ही आज्ञा दर वेळी शोधाचा टप्पा निम्मा करत जाते, त्यामुळे हजार कमिटमधून दोषी कमिट साधारण दहा चाचण्यांत सापडते.

ही कल्पना नवी नाही. बेल लॅब्जमध्ये 1972 साली मार्क रोचकिंड यांनी एससीसीएस हे सोर्स कंट्रोलचे साधन लिहिले तेव्हापासून ती रूढ आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 साली गिट लिहिले ते लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यासाठी, म्हणजे कर्नलसाठी, म्हणून ते आपल्याला जड जाईल असा समज असतो. प्रत्यक्षात रोजच्या कामाला पाच-सहा आज्ञा पुरतात. खर्चाची सबबही आता टिकत नाही, कारण गिट मोफत आहे आणि कोड ठेवण्याची सोय देणाऱ्या गिटहब या संकेतस्थळाने 2020 पासून खासगी रेपोही (रेपो म्हणजे कोड आणि त्याचा इतिहास यांची साठवण) टीमच्या आकाराची अट न घालता मोफत दिले आहेत. कोड बाहेर ठेवायचा नसेल तर कचेरीतल्याच एका संगणकावर मुख्य रेपो ठेवता येतो. प्रत्येकाच्या क्लोनमध्ये, म्हणजे स्वतःच्या संगणकावरच्या रेपोच्या प्रतीत, पूर्ण इतिहास असतो, त्यामुळे तो संगणक बिघडला तरी सगळे बुडत नाही. मात्र जे कमिट आणि पुश केलेलेच नाही, म्हणजे नोंदवून मुख्य रेपोत पाठवलेलेच नाही, त्याची हमी कोणी देऊ शकत नाही.

नव्याने रुजू झालेल्याने साहेबांना व्याख्यान देण्यापेक्षा आपल्या वाट्याच्या मॉड्यूलपासून सुरुवात करावी, म्हणजे पहिली अडचण सुटलेली दिसली की बाकीचे आपणहून विचारू लागतात. पहिल्या कमिटआधी दोन गोष्टी मात्र पाहाव्यात. डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाइल ‘गिटइग्नोर’ या, गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत घालावी, कारण एकदा कमिट झालेला पासवर्ड नंतर पुसला तरी इतिहासात राहतो आणि शेवटी तो बदलावाच लागतो. आणि हिशेबाचे बरेचसे नियम स्टोअर्ड प्रोसीजरमध्ये, म्हणजे थेट डेटाबेसच्या सर्व्हरवर लिहिलेले असतील, तर त्यांच्या स्क्रिप्टही रेपोत आणाव्यात. नाहीतर कोडचा इतिहास मिळतो, पण व्याजाचा दर नेमका कुठे बदलला ते त्यात सापडत नाही.