छपराचं काम अंगावर देण्याआधी

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि दुपारच्या तासाभरात आमच्या पडवीवरची सगळी कौलं अंगणात येऊन पडली. माजघरावरच्या रिपा मोडल्या, आढं, म्हणजे छपराच्या माथ्यावरचं आडवं लाकूड, तेवढं जागेवर राहिलं. आम्ही दापोली तालुक्यातले, म्हणजे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. ताडपत्रीखाली पंधरा दिवस काढल्यावर, “आठ दिवसांत पत्रा घालून देतो” म्हणणारा जो पहिला माणूस दारात आला, त्याला मी काम देऊन टाकलं. एक लाख चाळीस हजार ठरले, त्यातले एक लाख आगाऊ मोजले. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ समुद्रातूनच वर सरकलं, आमच्याकडे फक्त त्याचा वारा लागला. तेवढ्यानेही मावळतीकडचे सहा पत्रे उचकटले. त्या माणसाने नंतर फोन उचलला नाही.

दुसऱ्यांदा काम दिलं ते २०२२ च्या जानेवारीत, आणि त्याआधी दोन महिने मी फक्त माणूस शोधत होते. ते कसं शोधलं ते सांगते. गावात घर आणि स्वतः मुंबईत अशी तुमची स्थिती असेल तर हे जरा जास्तच लक्ष देऊन वाचा, कारण फोनवर ठरलेली छपरं मी आजूबाजूला बरीच बघितली आहेत.

सुरुवात दिवाळीनंतर करा. एप्रिल-मेत सगळ्यांचीच शाकारणी आणि दुरुस्ती निघते, चांगल्या माणसाला वेळ नसतो आणि ज्याला वेळ असतो त्याच्याकडे काम का नाही हे विचारायला आपल्याला सवड नसते.

कामाचे फोटो बघू नका, छपरं बघायला जा. तीही नवी नकोत. मी प्रत्येकाला एकच सांगितलं, “तीन पावसाळे काढलेलं तुमचं एक काम दाखवा.” पाचांतल्या दोघांनी पत्ता दिला. त्या घरी जाऊन मी घरमालकिणीशी बोलले, पुरुषांशी नाही, कारण गळतीखाली पातेलं कुठे ठेवावं लागतं हे घरातल्या बाईलाच ठाऊक असतं. पत्र्याच्या कापलेल्या कडा बघा, गंज आधी तिथे दिसतो. स्क्रूखालचा रबरी वायसर तडकलाय का ते बघा. पत्र्यावर तांबूस ठिपके पसरले असतील तर समजा की ग्राइंडरने पत्रा वरच कापला आणि उडालेला कीस कुणी झाडला नाही. खाऱ्या वाऱ्यात तो कीस दोन पावसांत रंग खातो. नीट काम करणारा पत्रे मापाचे कापूनच आणतो आणि संध्याकाळी उतरताना छप्पर झाडून उतरतो.

मग माणूस आपल्या घरी बोलवा आणि तो काय करतो ते बघा. एकाने अंगणात उभं राहून, मान वर करून चौरस फुटाचा दर सांगितला. त्याला मी चहा देऊन पाठवलं. ज्याला पुढे काम दिलं, तो आधी माळ्यावर गेला, एकेक वासा स्क्रूड्रायव्हरने टोचून वाळवी कुठे लागली आहे ते बघितलं, आणि खाली येऊन विचारलं, “काकी, निसर्गला आधी कुठला कोपरा उचलला?” तोवर हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. वारा छपराला वरून दाबत नाही, कडेला धरून उचलतो. म्हणून वळचण, कोपरे आणि आढ्याजवळची ओळ इथे स्क्रू दाट हवेत. पडवी तीन बाजूंनी उघडी असेल तर तिथे आणखी दाट. त्यानेच सांगितलं की स्वयंपाकघरावरचे वासे ठणठणीत आहेत, तिथे पत्रा नको, कौलंच ठेवा. स्वतःचं काम कमी करणारा माणूस मला त्या दिवशी पहिल्यांदा भेटला.

मी सगळ्यांना एक परीक्षेचा प्रश्न विचारला, तुम्हीही विचारा: पत्रा कुठल्या टोकाकडून घालायला घेणार? आमचं आढं उगवत-मावळत आहे आणि पावसाचा वारा मावळतीकडून येतो. म्हणजे पहिला पत्रा उगवतीच्या टोकाला बसला पाहिजे आणि पुढचा प्रत्येक पत्रा आधीच्यावर चढत मावळतीकडे आला पाहिजे. मग जोडाची उघडी कड वाऱ्याकडे पाठ करून राहते. उलट घातलं तर वारा थेट जोडात शिरतो आणि पाऊसही. आमच्या पहिल्या छपराचं नेमकं हेच झालं होतं. दोघांनी “कुठूनही चालतं” म्हणून सांगितलं. तिथेच ते माझ्या यादीतून गेले.

आता पत्र्याची जाडी. बोलण्यात सगळे पॉइंट पन्नासचा, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा, सांगतात, येतो पॉइंट पस्तीसचा, आणि रंग दिलेला पत्रा डोळ्याला सारखाच दिसतो. आमच्याकडे काजू बी मोजायचा काटा आहे, त्यावर मी पत्रा ठेवला. नेहमीच्या रुंदीचा, दहा फुटी, पॉइंट पन्नासचा पत्रा साधारण तेरा-चौदा किलो भरतो. पॉइंट पस्तीसचा नऊ-दहा. टेम्पो रिकामा होण्याआधी दोन-तीन पत्रे मधून काढून मोजा, वरचा एकच मोजू नका.

कागद करा. साध्या वहीच्या पानावर चालेल, पण दोघांच्या सह्या हव्यात. नुसतं “पत्र्याचं काम” असं लिहू नका. पत्र्याची कंपनी आणि जाडी, कैचीच्या, म्हणजे पत्रा पेलणाऱ्या लोखंडी सांगाड्याच्या, पाइपचं माप आणि जाडी, वेल्डिंगच्या प्रत्येक सांध्याला रेड ऑक्साइड (गंज रोखणारा रंग), दोन पत्र्यांचा उतारावरचा जोड किमान सहा इंच, स्क्रू उंचवट्यावर, पन्हळ कुणाची, जुनी कौलं कोण उतरवून रचणार, हे सगळं लिहा. भिंती जांभ्याच्या असतील तर कैची कशात धरणार तेही लिहा. नुसता चिऱ्यात मारलेला बोल्ट वाऱ्याच्या ओढीला टिकत नाही, वर काँक्रीटचा पट्टा घालून त्यात बेस प्लेट बसवावी लागते. पहिल्याने हा खर्च वाचवला होता. वर चढणाऱ्या पोरांना कमरेला पट्टा असेल आणि कुणाला इजा झाली तर जबाबदारी कुणाची, हेही कागदावर आणा. हे विचारायला मला संकोच वाटत होता, पण ती पोरं कुणाची तरी असतात. बिल मागा.

पैशाचं आमचं असं ठरलं: सामान दारात येऊन काट्यावर उतरल्यावर चाळीस टक्के, सांगाडा उभा राहिल्यावर तीस, पत्रा पुरा झाल्यावर वीस, आणि दहा टक्के पहिल्या जोराच्या पावसानंतर. आगाऊ फक्त पाच हजार. शेवटच्या दहा टक्क्यांवर जो अडून बसतो त्याचा स्वतःच्या कामावर भरवसा नाही, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

मृग कोरडाच गेला. आर्द्रात तीन दिवस झड लागली, तेव्हा मी फोन न करताच तो माणूस भिजत आला, बॅटरी घेऊन माळ्यावर गेला आणि अर्धा तास जोडांखालून हात फिरवत राहिला. पन्हळीच्या कोपऱ्यात एक थेंब सापडला. पावसाने उघडीप दिल्यावर तो बंद करून गेला, आणि मग मी त्याचे राहिलेले पैसे दिले.